करदोट्याची घंटी

किण्… किण्… किण्…

फार फार वर्षांपूर्वी हा आवाज मी ऐकला होता. अजूनही दुपारी जरा डोळा लागला की ऐकू येतो. तो कुठून यायचा, ते सांगतो. लहानांनी जवळ बसावं. मोठ्यांनी हातातलं काम करता करता ऐकलं तरी चालेल.

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावातले सगळे गुरं राखणारे. डोंगरावरचं गवत माणसाच्या डोक्यावर जायचं. त्यात गाय शिरली की दिसायची नाही. म्हणून प्रत्येक जनावराच्या गळ्यात घंटा असे आणि प्रत्येक घंटेचा आवाज निराळा. डोळ्यांनी अधू झालेली म्हातारीसुद्धा ओसरीवर बसून सांगायची, की अमक्याची कपिला ओढ्यापाशी आहे आणि तमक्याचा खोंड वाट चुकलाय. त्या गावात डोळ्यांपेक्षा कानांवर भरवसा जास्त.

या घंटा करायचा गावचा ओतारी. पितळ वितळवून साच्यात ओतायचं, हे त्याचं काम. बोलायला कमी, पण हात फार हलका.

मुलांसाठीही गावात एक रीत होती. मूल पहिलं पाऊल टाकी, त्या दिवशी ओतारी त्याच्यासाठी बोराएवढी घंटी करी. आई ती काळ्या दोऱ्याच्या करदोट्यात ओवून मुलाच्या कमरेला बांधी. मग मूल कुठंही दुडदुडलं तरी आईला चुलीपाशी कळे. आणि मुलाचा पहिला दुधाचा दात पडला, की ती घंटी सोडायची आणि गोठ्यातल्या नव्या वासराच्या गळ्यात बांधायची.

त्या गावात हौसा नावाची एक बाई होती. घरात ती आणि तिची एकुलती लेक येसू, दोघीच.

येसू पाळण्यात होती तेव्हाच आईचा आवाज आला की मान वळवायची. पुढे बसू लागली, मग रांगू लागली. वर्ष सरता सरता एके दिवशी भिंत धरून उभी राहिली, भिंत सोडली आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकताना पडली. रडली नाही, आईकडे बघून हसली. संध्याकाळी कमरेला घंटी आली.

दीड वर्षाची असताना येसू उघड्या फाटकातून बाहेर गेली आणि गवतात दिसेनाशी झाली. सारा गाव धावला. ओतारी म्हणाला, सगळी गुरं जागच्या जागी बांधा, दुसरी कुठलीच घंटा वाजता कामा नये. डोंगर गप्प झाला. मग लांबून हळूच आवाज आला, किण्. येसू गवतात बसून एका किड्याशी बोलत होती.

हौसानं तिला उचलून उराशी धरलं. त्या दिवशी तिनं मनात ठरवून टाकलं, की घंटी वाजते आहे तोवर माझी पोर आहे.

चौथ्या वर्षी येसूचे प्रश्न सुरू झाले. चंद्र आपल्या मागे का येतो? गाय चारा खाऊन झाल्यावरही तोंड का हलवते? उत्तर द्यावं तर त्यातून दुसरा प्रश्न निघायचा. हौसा कंटाळायची, हसायची, पुन्हा सांगायची.

सातव्या वर्षी दात पडला. तळहातावर दात घेऊन येसू पळत आली. “आई, आता घंटी सोड.”

“एवढा उन्हाळा जाऊ दे,” हौसा म्हणाली.

उन्हाळा गेला. पावसाळा गेला. हौसाला दर वेळी गवतात हरवलेली ती दीड वर्षाची पोर आठवायची. मग ती जुना करदोटा सोडायची, नवा जरा लांब वळायची आणि घंटी पुन्हा बांधायची. असं दरवर्षी.

येसूच्या मैत्रिणींच्या घंट्या कधीच वासरांच्या गळ्यात गेल्या होत्या. लपंडावात येसू लपली की श्वास घेतला तरी सापडायची. तिच्यावर राज्य आलं की बाकीच्या मुली आवाज ऐकून आधीच पसार. “वासरू आलं गं,” एकजण म्हणायची. “कोंडा घाला त्याला,” दुसरी म्हणायची. येसूही आधी हसायची. मग हसेनाशी झाली.

तेराव्या वर्षी तिचे हातपाय लांब झाले आणि बोलणं आखूड झालं. दिवसभर प्रश्न विचारणारी ती आता साधं उत्तर देईना. घागरीतल्या पाण्यात स्वतःचं तोंड बघत उभी राहायची आणि आई आली की घागर उचलून चालू लागायची. एकदा तिनं घंटीत कापूस कोंबला. आवाज थांबला तशी हौसा पिठाचे हात तसेच घेऊन धावत आली. तिचा पांढरा पडलेला चेहरा बघून येसूनं मुकाट्यानं कापूस काढला.

त्यानंतर घंटी दिवसभर वाजत राहिली. परसात वाजायची, गोठ्यामागे वाजायची. हौसा ओसरीवर धान्य निवडत शेजारणीला सांगायची, की माझी येसू आता किती शहाणी झालीय, घर सोडून कुठं जात नाही. शेजारीण पदर तोंडाला लावून खोकायची.

असे चार महिने गेले.

एका दुपारी घंटी वाजत वाजत स्वयंपाकघरात आली. हौसा म्हणाली, “येसू, जरा तेवढं सूप दे गं.” सूप आलं नाही, उलट कुरुम कुरुम आवाज येऊ लागला. हौसानं मागे वळून पाहिलं. सुपात तोंड घालून गोठ्यातलं एक करडू ज्वारी खात होतं, आणि येसूचा करदोटा त्याच्या गळ्यात होता.

हौसानं परसात, गोठ्यामागे येसूला हाका मारल्या. करडाला काखोटीला मारून ती ओताऱ्याच्या भट्टीवर गेली. पोर कुठंय ते सांगा म्हणाली, नाहीतर सगळी गुरं पुन्हा बांधायला सांगा म्हणाली.

ओताऱ्यानं तिला बसायला पाट दिला. करडाला थोडा पाला दिला. मग विचारलं, “हौसा, येसू केवढी आहे सांग बरं?”

हौसानं हात पुढे करून दाखवलं. हात तिच्या कमरेच्या जरा वर थांबला.

तेवढ्यात दारात कोणीतरी उभं राहिलं. ओटीत आवळे, केसांत गवताच्या काड्या. येसू होती. ती आईच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढी उंच झाली होती.

हौसाचा हात तसाच हवेत राहिला. तिनं हाताकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं.

“कुठं होतीस?”

“पठारावर. गुरांमागे. सांजेला येऊन करदोटा परत बांधायचे.”

“रोज?”

“रोज.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

येसूनं ओटीतले आवळे खाली ठेवले. मग म्हणाली, “तू विचारलंस कधी? तू नुसतं ऐकत होतीस.”

ओतारी भट्टीत कोळसा सारत हळूच म्हणाला, “दरवर्षी करदोटा लांब केलास, बाई. हातांना सगळं ठाऊक होतं. तूच त्यांना विचारलं नाहीस. पहिल्या पावलाला आधार लागतो, म्हणून मी घंटी करतो. ती दुधाच्या दातापुरतीच असते. पुढची पावलं लांब पडतात, ती बघायला मान वर करावी लागते.”

हौसा उठली. तिनं येसूच्या केसांतली एक काडी काढली. हात उंच करावा लागला. मग तिचं लक्ष करडाकडे गेलं. ओतारी घंटी सोडायला वाकला होता, त्याला ती म्हणाली, “राहू द्या त्याच्याच गळ्यात. चार महिने त्यानं माझी लेक होऊन दाखवलंय.”

आधी येसू हसली. मग हौसा हसली. करडू खातच होतं.

त्या दिवसापासून संध्याकाळी येसू घरी आली की हौसा विचारायची, आज काय काय पाहिलंस? पहिले काही दिवस उत्तर एका शब्दाचं आलं. मग दोन शब्दांचं. मग कधी कधी जेवण झालं तरी येसूचं बोलणं संपायचं नाही, आणि आता प्रश्न हौसा विचारायची.

पुढच्या वर्षी पावसाळा सरला. गावातली चौदा वर्षांची पोरं पंधरा दिवस गुरं घेऊन पठारावर राहायला जायची, तो निघायचा दिवस आला. हौसानं भाकरी बांधून दिल्या. सांगायचं पुष्कळ होतं, पण तिनं फक्त येसूच्या डोक्यावरची घोंगडी नीट केली. येसूनं आईचा हात क्षणभर गालाशी धरला.

सवयीनं हौसानं डोळे मिटून कान दिला. गुरांच्या घंटा वाजत होत्या, येसूची किण् त्यांत नव्हती. मग तिनं डोळे उघडले. सकाळच्या उन्हात येसू वर चढत होती, लांब, सरळ पावलं टाकत.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, मूल दरवर्षी नवं होत असतं, म्हणून त्याच्याकडे दरवर्षी नव्यानं बघावं.