मांडीवरचा हात

वाचनालयाच्या हौशी बुद्धिबळ स्पर्धेतला उपांत्य डाव. सासूबाई गावाला गेलेल्या, म्हणून दहा महिन्यांची मुक्ता माझ्या मांडीवर. जिंकले तर अंतिम फेरी, नाहीतर पुन्हा आपली पेज आणि पाळणा. समोर निवृत्त प्राचार्य गद्रेसर. पाठ केलेलं ओपनिंग आठवतेय न आठवतेय, तोच मुक्ताने कडेचं प्यादं पुढे ढकललं. मी ते मागे घेऊ लागले.

"अंहं! हात लावला की ती खेळी."

"पण सर, हात हिचा होता."

"तुमच्या मांडीवरचा हात तो तुमचाच, बाई!"

पंच इनामदारबाई गोंधळल्या, मी त्यांच्याहून जास्त. सर म्हणतायत म्हणजे असेल, म्हणून प्यादं तिथेच राहू दिलं.

सरांनी राजापुढचं प्यादं सरकवलं, मी घोडा काढला. पाळी सरांची आली आणि मुक्ताने वाकून त्यांचा राजाच उचलून तोंडात घातला.

"अहो, अहो!" सरांनी तो हिसकावला, रुमालाने पुसला, जागेवर ठेवला.

मी चाचरतच म्हटलं, "सर, राजाला हात लावलात. आता राजाच खेळावा लागेल ना?"

"काहीतरीच! तुमच्या पोरीच्या तोंडातून काढला मी तो!"

"हो, पण तिचा हात माझा धरलात, तर तुमचा हात तुमचा नको का धरायला?"

इनामदारबाईंना हसू आवरेना. "सर, राजा हलवा," त्या म्हणाल्या.

बिचारा राजा उघड्यावर आला आणि तिथेच सापडला.

अंतिम फेरीला सासूबाई परतल्यात. म्हणतात, "मुक्ताला मी सांभाळते, तू निवांत खेळ."

काय करावं, माझं अजून ठरत नाहीये.