पेन्सिलीच्या चांदण्या

टेकडीखालच्या एका गावात एक सुतार राहायचा, आणि गावाचं घड्याळ म्हणजे तोच. चर्चची घंटा वाजवायचं काम त्याच्याकडे होतं. संध्याकाळी सहाला घंटा झाली, की घराघरांत माणसं प्रार्थनेला बसायची. सुताराची घंटा कधी चुकली नाही. ताप आला तरी वाजवली, लग्नाच्या दिवशी तर नवरदेवाच्या कोटात जाऊन वाजवली. माणूस देवभीरू, सरळ, पण अंमळ हट्टी. सगळं जग कसं रंधा मारल्यासारखं गुळगुळीत हवं त्याला!

त्याची बायको नर्स होती. नोकरी लांबच्या शहरात, मोठ्या दवाखान्यात. घरी यायची ती फक्त नाताळाला. बाकीचं वर्षभर घरात दोघंच, सुतार आणि त्याची आठ वर्षांची लेक रिबका.

घंटा वाजवून सुतार घरी आला, की दोघं चटईवर बसायची. एक गीत म्हणायचं, मग प्रत्येकानं शास्त्रातलं एक वचन पाठ म्हणायचं. रिबका चांगली लांबलचक वचनं म्हणायची आणि वर प्रश्नांची सरबत्ती. बलामाच्या गाढवीला वाटेत देवदूत दिसतो आणि ती माणसासारखी बोलू लागते, ही तिची लाडकी गोष्ट.

"बाबा, ती गाढवी कुणाच्या आवाजात बोलली हो? बाईच्या, की गाढवाच्या?"

"गप गं," सुतार म्हणायचा आणि मिशीत हसायचा.

एकदा आईकडून पार्सल आलं. त्यात सुताराला स्वेटर होता आणि रिबकाला गोष्टीचं एक जाडजूड पुस्तक. मुलगी रोज थोडं थोडं वाचू लागली. एके दिवशी सुताराच्या कानावर तिचा आवाज पडला.

"ये वाऱ्या, जा वाऱ्या, माझी हाक आईच्या दारात ठेव!"

सुताराचं धाबं दणाणलं. "हे काय म्हणतेस?"

"मंत्र आहे, बाबा. गोष्टीतल्या मुलीची आई समुद्रापलीकडे असते ना, म्हणून ती वाऱ्याला सांगते."

"मंत्र? आपल्या घरात?" त्यानं पुस्तक हिसकावलं आणि पानं चाळली. दर चार-पाच पानांवर पेन्सिलीनं एक चांदणी काढलेली. "आणि ही कसली चिन्हं? जादूटोण्याची?"

"नाही बाबा, ती आ..."

"पुरे! शास्त्रात जादूटोण्याला मनाई आहे. ठाऊक आहे ना?"

पुस्तक हत्यारांच्या पेटीत गेलं आणि पेटीला कुलूप बसलं. राग नव्हता हो त्याच्या मनात, खरी भीती होती. आई जवळ नाही, त्यात लेक देवापासून लांब गेली तर बायकोला काय तोंड दाखवायचं?

रिबका रडली नाही, रुसलीही नाही. पण त्या संध्याकाळी वचनाची पाळी आली, तेव्हा तिनं 'येशू रडला' हे वचन म्हटलं. ते असतं दोनच शब्दांचं. पाठांतर न करणारी पोरं तेच म्हणून सुटतात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

"आळशी कुठली!" सुतार म्हणाला.

प्रश्नही बंद झाले. प्रार्थना चटकन उरकायची आणि मग घरात नुसती शांतता. खरं सांगायचं तर सुताराला त्या गाढवीची फार आठवण यायला लागली. एकदा त्यानं आपणहून विचारलं, "आज काही विचारायचं नाही का गं?"

"नाही, बाबा."

शेवटी न राहवून तो चर्चच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांकडे गेला. "साहेब, वाईट पुस्तक घरातून काढलं, तर घर उलट उदास झालं. असं कसं?"

"वाईट काय होतं त्यात?"

"जादू."

"वाचलंस किती?"

"छे छे, एक ओळसुद्धा नाही!"

पाळकसाहेब हसले. "अरे, ठोकून बघितल्याशिवाय तू कधी लाकडाला किडकं म्हणतोस का? जा, आधी वाच. खरंच किडकं निघालं तर जाळायला काडी मी देतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुतारानं आपल्या कारखान्यात पेटी उघडली. वाईट सापडेल तिथं खूण करायला कानावर पेन्सिल ठेवली आणि तो ओंडक्यावर बसून वाचू लागला. गोष्टीत एक चेटकीण होती. ती मुलीला म्हणाली, "तुझी आई आत्ता आणून देते. पण मग तिची वाट कशी पाहिलीस, ते सगळं तू विसरशील." सुतार ओंडक्यावर पुढे सरकला. काय म्हणेल आता ही पोर? पेन्सिल कानावरच राहिली.

सहा वाजले. सव्वासहा झाले. घंटा नाही! माणसं अंगणात येऊन एकमेकांना विचारू लागली, "अहो, सुतार बरा आहे ना?" रिबका धावत धावत कारखान्यात आली.

"बाबा, घंटा!"

सुतार कुठला ऐकतोय! त्याचं बोट पान उलटायला निघालं होतं. रिबकानं पुस्तक पाहिलं, पानाच्या तळाशी चांदणी पाहिली आणि त्याचा हात घट्ट धरला.

"पान उलटू नका, बाबा! आई इथं थांबली होती."

तिनं पुस्तकाच्या वेष्टणातून घडी केलेली एक चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. अक्षर त्याच्या बायकोचं होतं.

'रिबू, ड्यूटी संपली की मी थोडं वाचते. डोळे मिटायला लागले की चांदणी काढते. तूही चांदणीपाशी थांबत जा, म्हणजे आपण दोघी शेजारी बसून वाचल्यासारखं होईल. शेवटची चाळीस पानं मी न वाचता ठेवली आहेत. ती नाताळात, तिघं मिळून.'

सुतारानं चिठ्ठी दोनदा वाचली. मग हळूच विचारलं, "मंत्र म्हटला की आई येईल, असं वाटायचं का गं तुला?"

"छे हो बाबा! तशी येत असती तर पहिल्याच दिवशी नसती का आली? मागायचं ते मी येशूजवळच मागते. पण ती मुलगी आईची वाट बघते ना, ते वाचताना मला एकटं वाटत नाही."

त्या दिवशी घंटा अर्धा तास उशिरा झाली. दोर दोघांनी मिळून ओढला. मग चटईवर बसून रिबकानं एक लांबलचक वचन म्हटलं आणि लगेच विचारलं, "बाबा, देवदूत गाढवीला आधी दिसला. बलाम तर मोठा माणूस, त्याला का नाही दिसला?"

"त्याला घाई झाली होती, बाळा. आणि आपल्याला सगळं कळतं, असं वाटत होतं त्याला."

मग सुताराची पाळी आली. त्याला शंभर वचनं पाठ होती, पण त्याच्या तोंडून ते दोन शब्दांचं वचन तेवढं बाहेर पडलं. रिबका त्याला आळशी म्हणाली नाही. ती सरकून त्याला चिकटून बसली.

तात्पर्य काढायचंच तर एवढं: लेकराच्या हातातलं पुस्तक काढून घेण्याआधी त्याच्या शेजारी बसून ते वाचावं; आपण ज्याला घाबरतो, ते कदाचित त्याचं कुणाची तरी वाट पाहणं असतं.