एकाचं नाव

फार मागे, खाडीच्या काठाला तीन वाड्यांचं एक गाव होतं आणि त्या गावात एक गुरव होता.

वाड्या तीन आणि देवही तीन. वरच्या वाडीचा रवळनाथ, मधल्या वाडीची सातेरी आणि खालच्या वाडीचा वेताळ. वेताळाला ना देऊळ ना मूर्ती; आंब्याखालचा शेंदूर फासलेला एक दगड, एवढंच. गावाची भातशेती सगळी सखल. खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध होता. तो होता म्हणून गावाला दोन घास मिळत होते.

दर वैशाखात त्या बांधाची डागडुजी व्हायची. प्रत्येक वाडीने आपापला तुकडा बांधायचा. पण त्याआधी गुरवाने हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं घालायचं, तिन्ही देवांना नाव घेऊन हाक मारायची. ज्याचं नाव आलं त्याच्या वाडीने "होय म्हाराजा!" म्हणायचं आणि मातीची टोपली उचलायची. देवाचं नाव आल्याशिवाय मातीला हात लावला तर देव कोपतो, ही गावाची पक्की समजूत. समजूत शहाणपणाची की खुळी ते सोडा, तिच्यावर बांध मात्र उभा होता.

एका वर्षी वरच्या वाडीचा एक जण काशीत बारा वर्षं शिकून, शास्त्री होऊन परत आला. माणूस वाईट नव्हता. फक्त, आपल्याला कळलेलं दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. गाऱ्हाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्याने सगळ्यांना पारावर बसवलं आणि म्हणाला, "देव एकच आहे. त्याला ना रूप, ना नाव. तीन-तीन हाका कशाला मारता? एकालाच हाक मारा."

मधल्या वाडीची एक म्हातारी म्हणाली, "देव एकच आसा, ह्यां आमकांय ठाऊक आसा रे. पण हाक मारूची तर नाव व्हया. त्या एकाचां नाव काय?"

"कोणतंही घ्या. काही फरक पडत नाही."

"फरक पडना नाय मां? मगे आमच्या रवळनाथाचां घेवा," वरच्या वाडीचे म्हणाले.

झालं! घटकेपूर्वी देव एक आहे यावर कुणाचंच दुमत नव्हतं. आता त्याचं नाव काय यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जायला लागली. शेवटी सगळे गुरवाकडे वळले. नारळ त्याच्या हातात, तेव्हा जीभही त्याचीच.

शास्त्र्याने गुरवाला बाजूला नेलं, आपल्या शेजारी बसवलं आणि म्हणाला, "या अडाण्यांत तू तेवढा जाणता दिसतोस." गुरवाला आजवर कुणा पंडिताने शेजारी बसवलं नव्हतं. जन्मभर तो शेंदूर लावत आला होता आणि मनातल्या मनात त्या आंब्याखालच्या दगडाची त्याला थोडी लाजही वाटायची. तो हरखून गेला.

सकाळी त्याची लेक शेवंता वाटेत आडवी आली. ती खालच्या वाडीत दिलेली होती. घर बांधाला लागूनच, आणि तिला सातवा महिना होता.

"बाबा, आमच्या देवाचां नाव घे. घेतलंस नाय तर आमची माणसां मातयेक हात लावची नाय. आमच्या वाडयेकडे बांध अगदी बारीक झालोहा."

"खुळी की काय गो तू? देव एकच," गुरव म्हणाला. लेकीच्या डोळ्यांकडे बघायचं त्याने टाळलं.

त्याने नारळ धरला आणि एकच नाव घेतलं, रवळनाथाचं. वरच्या वाडीने "होय म्हाराजा!" म्हणून टोपल्या उचलल्या. बाकीच्या दोन वाड्या रिकाम्या टोपल्या घेऊन घरी गेल्या.

पावसाआधी समेट होईल असं सगळ्यांनाच वाटत होतं. मात्र पहिलं पाऊल समोरच्याने टाकावं, असंही सगळ्यांनाच वाटत होतं. गुरव रोज मनाशी म्हणे, उद्या जाऊन दोन नावं घेऊन येतो. मग वाटे, शास्त्री काय म्हणेल! तेवढ्यात पाऊस लागला, आणि ओल्या मातीने कुणी बांध घालू शकत नाही.

आषाढातल्या अमावास्येला भर दुपारी खाडीला उधाण आलं. वरच्या वाडीचा तुकडा भिंतीसारखा टिकला. खालच्या वाडीकडचा फुटला. पाणी आत आलं ते तिन्ही वाड्यांच्या शेतांतून सारखंच पसरलं. शेवंता तीन दिवसांची बाळंतीण होती. तिचा नवरा रानातून धावत येईपर्यंत घर बसलं होतं. पाणी उतरल्यावर ती सापडली, बाळ कुशीतच होतं.

शास्त्री गुरवाच्या दारात आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी खोटं नव्हतो बोललो रे," तो म्हणाला.

"नाय. तू खरांच बोललंस," गुरव म्हणाला. "देव एकच. म्हणानच तिघांचीव नावां घेवची होती. तिनातलां खंयचांय गाळलां, तर तितको तोच गाळलो जाता. ह्यां माका ठाऊक होतां. तुझ्यापुढे शाणो दिसाक मी गप रवलंय." एवढं बोलून तो कपाळ बडवून घेत रडू लागला.

खाऱ्या जमिनीत पुढची काही वर्षं भात उगवणार नव्हतं. खालची वाडी गाव सोडून निघाली. गुरवाचा जावई आंब्याखाली गेला, दगड उपटला आणि चुंबळीवर ठेवून डोक्यावर घेतला. गुरव वाटेत उभा राहिला, हात जोडून म्हणाला, "देवाक तरी ठेव रे बाबा. मी रोज नाव घेईन त्याचां."

जावई थांबला. म्हणाला, "तुमच्या त्या एकात आमचो मावलो नाय, मामानु."

आणि तो वाट सोडून, बांधाच्या फुटक्या कडेने निघून गेला.

तात्पर्य: देव एक माना की अनेक, पण ‘एकच’ म्हणून जो शेजाऱ्याचा देव गाळतो, त्याच्याजवळ देव उरत नाही, नुसता अहंकार उरतो.