दारातला चोथा

फार फार जुनी गोष्ट. चीन देशात डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. थंडीत तिथं खोकल्या-तापाची साथ यायची. गावचा म्हातारा वैद्य ज्येष्ठमध, आलं नि कडू पाला यांचा काढा द्यायचा. काढा गाळला की उरलेला चोथा रस्त्यावर, आपल्याच दारापुढं टाकायचा, अशी गावची रीत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवला की आजार जातो म्हणे.

तिथल्या एका चहाबागवाल्याच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं आणि नेमकी त्याची बायको तापानं फणफणली.

काढ्याची पुडी देत वैद्य म्हणाला, "चोथा दारात टाक."

"लग्नघराच्या दारात चोथा? वैद्यबाबा, वऱ्हाड दारावरूनच माघारी जाईल!"

"जाऊ दे. पुढं ढकल लग्न. तुडवून आजार जातो की नाही, देव जाणे. पण चोथा दिसला की माणसं घरात शिरत नाहीत, एवढं मी बघितलंय."

"तुमच्या काढ्यावर तुमचाच भरवसा नाही वाटतं?"

"काढ्यानं तिची छाती हलकी होईल, बाबा. तिच्याजवळ बसणाऱ्याचं काय?"

चहाबागवाला मोठा शहाणा! त्यानं चोथा परसात तुतीच्या झाडाखाली पुरला. बायकोला म्हणाला, "पाहुण्यांपुढं खोकू नकोस." ती बिचारी तोंडाला बाही लावून चहा देत राहिली. निघताना लेक आईच्या गळ्यात पडून रडली. लग्न झोकात झालं. बायकोही बरी झाली. 'म्हाताऱ्याला कळतं काय!' असं म्हणत तो मिशीला पीळ देत हिंडला.

मग गावात दारोदारी चोथे दिसू लागले. लेकीच्या सासरच्या दारातही दिसला.

त्याच्या पायाखालची जमीन सरकली. रोज जाऊन तो वेड्यासारखा तिथला चोथा तुडवायचा. टाचा फुटल्या, तरी तुडवायचा. व्याही त्याला आत येऊ देत नव्हते.

एका सकाळी दारात चोथा नव्हता. रस्ता स्वच्छ झाडलेला. त्याला हर्ष झाला. धावत जाऊन त्यानं दार ठोठावलं.

"बरी झाली ना माझी पोर? आज चोथा नाही दारात!"

व्याह्यांनी दार उघडलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"काढा कुणासाठी उकळायचा आता?" ते म्हणाले. "तुमच्या दारात तरी कुठं होता चोथा, लग्नाच्या दिवशी?"

आणि त्यांनी दार लावून घेतलं.

तात्पर्य: घरातला आजार झाकला म्हणून तो जात नाही, तो न सांगता दुसऱ्याच्या घरात शिरतो.