बोलावल्याशिवाय

“पन बाबा, बोलावल्याबिगर कुनाच्या घरी जायाचं तरी कसं?”

केरबानं विचारलं आणि मान खाली घातली. एवढं एक वाक्य जुळवायला त्याला टेकडीची सगळी चढणही पुरली नव्हती. वर येऊन, पाया पडून, लोटाभर पाणी पिऊन झालं, तेव्हा कुठं ते तोंडातून बाहेर पडलं.

भानगिरी बाबा मठाच्या ओट्यावर बसून भिक्षेच्या झोळीला ठिगळ लावत होते. त्यांनी सुई थांबवली नाही.

“बस,” ते म्हणाले.

केरबा बसला. गाठोडं त्यानं मांडीशी ओढून घेतलं.

याच टेकडीवर तो नऊ वर्षं राहिला होता. मोडलेलं हाड कसं चाचपायचं, निखळलेला सांधा कोणत्या झटक्यानं जागेवर जातो, बांबूच्या कामट्या किती घट्ट बांधायच्या, हे सगळं त्यानं बाबांच्या हातांकडं बघत उचललं. बाबा बोलायचे फार कमी आणि केरबाला तेच आवडायचं. गुरू करताना कुणी विद्या बघतं, कुणी नाव बघतं. केरबानं, खरं सांगायचं तर, गप्प माणूस बघितला होता.

दोन वर्षांपूर्वी बाबांनी त्याला कासारखेडला धाडलं. मोठं गाव, भोवती आठ वाड्या आणि हाड बसवणारा एकही नाही. केरबानं कुंभारआळीत एक खोली घेतली, तेल कढवलं, कामट्या तासून ठेवल्या आणि वाट बघत बसला.

“कुनी येत न्हाई,” तो म्हणाला. “मला बोलता येत न्हाई, बाबा. पारावर चार मानसं दिसली की जीभ टाळ्याला चिकटती. मग मी मागच्या बोळानं जातो. मला हितंच ठिवून घ्या. पानी भरीन, झाडलोट करीन. हाडवैद्यकी माझ्याच्यानं व्हनार न्हाई.”

“विद्या उतरली का हातातनं?”

“न्हाई.” केरबा चटकन म्हणाला. त्या एका शब्दात मात्र चांगलाच ताठा होता. “हात हाय तसाच हाय. पन मी काय दवंडी पिटत फिरू? काम चोख असंल तर मानसं हुडकत येत्यात.”

“आली का हुडकत?”

बोलणाऱ्याची माती खपते, मुक्याचं सोनंही खपत नाही, असं लोक म्हणतात. केरबाला ते पटत नव्हतं, पण दोन वर्षांत त्याच्या दाराशी जी माणसं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याजोगी होती, आणि त्यांतली दोन वाट चुकून आलेली.

बाबांनी दोरा दातानं तोडला.

“दोन वर्सं सोसलंस. मग आजच का आलास?”

हा प्रश्न येणार हे केरबाला ठाऊक होतं. सगळ्या वाटेनं तो याच प्रश्नाला भीत आला होता.

“माझ्या खोलीसमोर एक कुंभार ऱ्हातो,” तो म्हणाला. “गेनू. त्याची पोर हाय, सगुना. नऊ वर्सांची. ती शेवग्यावर चढली. आता शेवग्याची फांदी कुनाला तोलती?”

“पडली.”

“पडली. बारा दिस झाले. मी घरातच हुतो. रडन्यावरनंच कळलं, हाड गेलं म्हनून.”

“मग?”

“मी कामट्या घेतल्या. तेल घेतलं. कडीला हात घातला...”

बाबांनी सुई झोळीत खोचून ठेवली.

“आन् उभा ऱ्हायलो. म्हटलं, आता बोलावत्याल. गेनूनं गाडी जुपली. पोरीला गवतावर निजवली. माझ्या दारावरनं गाडी गेली, बाबा. आठ कोस लांब कुनाकडं तरी घिऊन गेला.”

“त्येला ठावं हुतं का, तू हाडं बसवतोस?”

केरबा गाठोड्याच्या गाठीशी चाळा करू लागला.

“घरमालकाला मी सांगितलं हुतं,” तो अखेर म्हणाला. “आलो तवा. एकदा.”

ओट्यावर ऊन सरकत आलं होतं. बाबांनी पाय आत ओढून घेतले.

“बांधलं कसं हाय?”

“वाकडं. पोर अंगनात बसलेली असती, मी खिडकीतनं बघतो. पाऊल भाईर वळलंय. आनखी आठ-नऊ दिसांत हाड धरंल. मग जलमभर लंगडंल.”

“आत्ता सोडून बसवलं तर?”

“सरळ व्हईल.”

“तुज्या हातनं?”

“व्हय. माझ्या हातनं.”

या वेळी आवाजात ताठा नव्हता. त्याला स्वतःची शरम वाटत होती, इतकी की बाबांच्या तोंडाकडं बघवेना. इतके दिवस तो खिडकीतून त्या पोरीच्या पावलाकडं बघत होता. समोर जाऊन ‘हे चुकीचं बांधलंय’ एवढंच म्हणायचं होतं. मनातल्या मनात ते त्यानं शंभरदा म्हटलं होतं.

“तुमी चला माझ्यासंगं,” तो एकदम म्हणाला. “तुमचं नाव समदा मुलूख जानतो. तुमी म्हनाल तर गेनू न्हाई म्हननार न्हाई. मी मागं उभा ऱ्हाईन. हाड बसवीन. बोलायचं तेवढं तुमी बोला.”

बाबांनी त्याच्या गाठोड्याकडं बोट केलं.

“सोड.”

केरबानं गाठ सोडली. बाबांनी आधी तेलाचं मडकं उचललं. झाकणाचं फडकं काढून वास घेतला. तेल उत्तम कढलं होतं. मग त्यांनी मडक्यावर बोटाचं पेर वाजवून बघितलं.

“गेनूच्या हातचं?”

“न्हाई. निंबगावच्या बाजारातलं.”

“किती लांब हाय निंबगाव?”

“दोन कोस.”

“आन् तुज्या दारासमोर गेनू काय घडवतो?”

केरबानं ओठ चावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण कुणी त्याच्याकडं बघूनच केली असती तरी चाललं असतं.

“मडकी,” तो म्हणाला.

“कच्ची ऱ्हात्यात?”

“न्हाई, झकास असत्यात. पन तो लई बोलतो, बाबा. एक मडकं घ्यायला जावं तर गाव कंचं, बाप काय करतो, लगीन का केलं न्हाई... मला घाम फुटतो.”

बाबांच्या मिशीत किंचित काही हललं. ते हसू होतं की काय, केरबाला कळलं नाही. त्यांनी मडकं आपल्या बाजूला ठेवलं आणि कामट्या उचलल्या.

“ह्या?”

“मीच तोडल्या. वढ्याकाठच्या बेटातनं.”

“गावात बुरूड न्हाई?”

“हाय. टोपल्या विनतो, चावडीमागं.”

“तेल कंच्या घान्याचं?”

“त्येबी निंबगावचंच,” केरबा पुटपुटला. तेल्याचा घाणा त्याच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर होता, पण ते त्यानं सांगितलं नाही. बाबांनीही विचारलं नाही.

“दोन वर्सांत गावाकडनं काय घेतलंस?”

“काई न्हाई.” केरबानं मान वर केली. या एका गोष्टीचा त्याला खरोखर अभिमान होता. “कुनाच्या चुलीतला इस्तवबी मागितला न्हाई. कुनाला माझ्यापायी उठाय लागलं न्हाई. तुमी मला लाजरा म्हना, पन गावाला मी काडीचा तरास दिला न्हाई, बाबा.”

बाबा उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश.

“चल.”

ते त्याला मठाच्या मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं पुरुषभर उंचीची कणगी होती. बाबांनी झाकण बाजूला सारलं.

“बघ.”

केरबानं टाचा उचलून बघितलं. कणगी ज्वारीनं काठोकाठ भरली होती.

“किती दिस पुरंल?”

“वरीसभर. जास्तीच.”

“तू हितं हुतास तवा?”

“तवाबी अशीच असायची. मठाचं रान पिकतंच की.”

“मग मी रोज पाच घरं कशापायी मागतो?”

नऊ वर्षं केरबानं बाबांना सकाळी झोळी घेऊन उतरताना बघितलं होतं. खालच्या वस्तीवरची पाच घरं. पाऊस असो, ताप असो, चुकणं नाही. केरबा त्या वेळी मठात राहून झाडलोट करायचा आणि आपल्याला सोबत नेत नाहीत याबद्दल मनोमन देवाचे आभार मानायचा.

“रीत हाय गोसाव्याची,” तो म्हणाला.

बाबांनी झाकण परत बसवलं.

“मलाबी बोलता येत न्हाई, केरबा. जत्रंत मी देवळामागं जाऊन बसतो, तू बघितलंयस. किर्तनात मला फुडं बसवत्यात, तवा माझ्या पोटात गोळा येतो. चाळीस वर्सांत गेला न्हाई तो गोळा.”

केरबा बघतच राहिला. आपल्या गुरूच्या पोटात गोळा येत असेल हे त्याच्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. त्याला वाटायचं, बाबांचं मौन म्हणजे साधना. आपलं मौन म्हणजे खोड.

“तेवढा एक शबुद येतो. भिक्षा.”

“तो म्हनला की झालं?”

“मग मी गप ऱ्हातो. पीठ घालनारीचा हात बघतो. दुखत असला की तीच बोलती.”

केरबाला आत्ता लख्ख आठवलं. शिंदेवस्तीवरच्या म्हातारीचा खांदा, चांभाराच्या सुनेचं मनगट, दर महिन्याला कुणी ना कुणी मठावर यायचं. हे आपणहून येतात असं तो नऊ वर्षं समजत होता. बाबांना ती दुखणी आधीच ठाऊक असायची, आणि तेव्हा त्याला तो तपश्चर्येचा प्रताप वाटायचा.

दोघं ओट्यावर परत आले. बाबांनी तेलाचं मडकं उचललं, कामट्या उचलल्या, पट्ट्यांची गुंडाळी उचलली. सगळं आत नेऊन फळीवर ठेवलं आणि गाठोड्याचं नुसतं फडकं केरबाच्या हातात दिलं.

“मठाला लागतंय,” ते म्हणाले.

“मी रिकामा जाऊ?”

“रिकामा जा.”

“पन हाड बसवायला कामट्या...”

“बुरूड हाय म्हनालास.”

“आन् तेल?”

बाबांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. केरबानं मान हलवली. फडक्याची घडी घालून त्यानं ती कमरेला खोचली. हात इतके मोकळे होते की त्यांचं काय करावं ते त्याला सुचेना. निघायला हवं होतं. आत्ता उतरलं तर उद्या दुपारपर्यंत कासारखेड गाठता आलं असतं.

तो पाया पडला. बाबांनी झोळी खांद्याला लावली आणि ते त्याच्याबरोबर पायऱ्यांपर्यंत आले. इथून दोन वाटा फुटत होत्या. एक खालच्या वस्तीकडं, एक कासारखेडकडं.

केरबा तीन पायऱ्या उतरला आणि थांबला.

“गेनूला म्हनू काय?”

“मडकं माग.”

“मडकं मागू? त्याची पोर अशी पडलीया आन् मी मडकं मागू?”

“तेल कशात घेशील?”

ते खरंच होतं.

“मग?”

“मग गप ऱ्हा. ते तुला येतं.”

“तो लई बोलंल, बाबा.”

“बोलू दे. पोर घरात लंगडत असली की बाप दुसरं काय बोलतो?”

केरबा पुढच्या पायरीवर उतरला.

“तेल कशाला पायजे म्हनून इचारलं तर?”

“तर खरं सांग.”

खाली वस्तीवर कुणाची तरी गाय हंबरली. बाबा त्या वाटेला वळले. भिक्षेची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि पाचही घरं अजून व्हायची होती.

केरबाला तरी पाऊल उचलवेना. सगळ्यात मोठी भीती अजून पोटातच होती. त्यानं ती मागून ओरडून सांगितली. एवढ्या मोठ्यानं तो जन्मात कधी बोलला नसेल.

“बाबा, आन् त्यानं माझ्या तोंडावर दार लावलं तर?”

बाबा थांबले. मागं वळून बघितलं नाही.

“दार लावायला तरी त्येला दारात यावं लागंल.”