बांधून झाल्यावर

एकच गोष्ट किती वेळा सांगायची? ऐकणारे नवे येतात, घसा मात्र जुनाच. पण लोक ऐकत नाहीत, सांगाच म्हणतात. बरं, सांगतो. मधे कुणी शहाणपणा करायचा नाही.

"पुन्हा आवळायचंच असेल वस्ताद, तर आत्ता बांधलं कशाला?"

असं विचारलं सिद्रामनं. कमरेवर हात ठेवून, लोखंडाच्या यार्डात, ट्रेलरच्या उघड्या पाट्यावर उभा राहून.

त्याच्या मागं पोलादी पत्र्याची गुंडाळी. बावीस टनांची. सहा साखळ्यांनी जखडलेली, खाली दोन्ही अंगांना लाकडी पाचरा ठोकलेल्या. सगळी बांधणी एकट्या सिद्रामची. पहिलीच.

तायाप्पा वस्ताद खाली उभे होते. अवजड माल बांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. आज ते 'हो' म्हणाले, की सिद्राम आपल्या हिमतीवर माल बांधायला मोकळा. नाही म्हणाले, तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली पाचरा उचलायच्या.

वस्ताद पाट्याशी आले. पहारीनं एक साखळी ठोकली. ठण्ण. दुसरी. ठण्ण. साहीच्या साही तशाच वाजल्या.

"ब्येस बांधलंस."

सिद्रामची छाती फुगली.

"मग?"

"मग काय? घाटाआधी उतर. पुन्हा आवळ."

ट्रेलरवाला लतीफ चाकांना लाथा मारून हवा बघत होता. तो खिदळला.

"लग्न लागल्यावर दर कोसाला मंगळसूत्र ओढून बघायचं का, वस्ताद?"

हमाल हसले. सिद्रामही हसला, पण कान तापले त्याचे. वाटेत थांबून साखळ्या चाचपल्या तर यार्डभर होणार, की सिद्रामचा आपल्याच हातावर भरवसा नाही.

"मी नाही थांबणार," तो म्हणाला. "माझी बांधणी सुटत नाही."

"बरं. नको थांबू."

"...खरंच?"

"बांधणी तुझी, मर्जी तुझी. फक्त यार्डात राहायचं नाही. केबिनमधे बसायचं. मालाच्या पुढं."

तिघं निघाले. लतीफ स्टिअरिंगवर, वस्ताद खिडकीपाशी, सिद्राम दोघांच्या मधे.

रस्ता कसला, नुसती चाळण. खड्डा आला की केबिन हाले आणि मागं काहीतरी करकरे. पाठीमागं पत्रा. पत्र्यापलीकडं पाच पावलांवर बावीस टन.

लतीफचं तोंड चालूच. थोरल्या लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. माल उतरवून परत आलो की तिला होस्टेलवर सोडायचंय. ट्रंक घेतलीय, कुलूप घ्यायचं राहिलंय.

"सिद्राम," वस्ताद मधेच म्हणाले.

"जी."

"ब्रेक मारला की गाडी थांबते. माल कशानं थांबतो रे?"

"साखळीनं."

"हं."

...

सिद्रामनं दोनदा आरशात बघितलं. आरशात रस्ता दिसत होता, साखळी दिसत नव्हती.

पंधरा किलोमीटर झाले. घाटाची पाटी आली. पुढं सगळा उतार.

"वस्ताद, थांबू?" लतीफनं विचारलं.

"मला काय विचारतोस? बांधलं त्यानं."

लतीफनं सिद्रामकडं बघितलं. सकाळी खिदळलेला हाच माणूस. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

सिद्रामनं पाठीमागच्या पत्र्याकडं बघितलं.

"थांबव."

ट्रेलर कडेला लागला. सिद्राम पाट्यावर चढला. पहिल्या साखळीखाली बोटं घातली. चार बोटं सहज शिरली. दुसरीखाली तळवा गेला. खालच्या पाचरांचं लाकूड दबून चेपलं होतं, त्यामुळं गुंडाळी इंचभर खाली बसली होती. तेवढ्यानं साही साखळ्या ढिल्या. पहार मारली तर ठण्ण नाही, नुसता खुळखुळ.

त्यानं बाह्या सारल्या. पाचरा नव्यानं ठोकल्या, एकेक साखळी आवळली. लतीफ साखळी आवळायच्या दांड्याला हात लावायला आला. उन्हात अर्धा तास गेला.

वस्ताद खाली उतरले नाहीत.

सिद्राम खिडकीशी आला. हात काळे, डोळे खाली.

"वस्ताद... मी घट्ट बांधलं होतं. आईशप्पथ."

"माहीत आहे. चढ वर. उद्याचा माल तुझा."

सिद्राम जागचा हलला नाही.

"चुकलं माझं, आणि तुम्ही माल देता?"

वस्तादांनी दार उघडलं. सरकून जागा केली.

"तू थांबलास, म्हणून. मीही एकदा घट्टच बांधलं होतं. उशीर होतोय म्हणून तेव्हाच्या मुकादमानं घाटाआधी थांबू दिलं नाही. खाली माल कलंडला, तर चार माणसांत म्हणाला, तायाप्पानं सैल बांधलं. दोन पोरं गेली रे त्यात... अजून माफी मागितली नाही त्यानं. गुंडेराव मुकादमानं."