म्हाळसाबाईंची डावी गाठ

डोंगराच्या कुशीत वेळूची वाडी नावाचे पन्नास उंबऱ्यांचे गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला एक तेलघाणा होता. घाणा बंद पडला, तेली गाव सोडून गेला आणि त्या रिकाम्या छपराखाली एके सकाळी श्री निवडबुवा महाराज येऊन राहिले. ते कुठून आले हे कुणी विचारले नाही आणि महाराजांनीही सांगितले नाही. त्यामुळे वाडीतली प्रत्येक आळी त्यांना आपल्याच आजोळचे समजत असे.

महाराजांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. 'निवडबुवा' हे नाव लोकांनी दिले, आणि ते उगीच दिले नाही. दर्शनाला कुणी आला की महाराज त्याच्यापुढे एक सूप सरकवीत आणि म्हणत, "बसा. एवढे तांदूळ निवडा." माणसाने मोक्षाची वाट विचारायला यावे आणि सूपभर बाजरीतले खडे काढून घरी जावे. एकदा दूरचे एक पंडित आले. त्यांनी माया आणि ब्रह्म यांतला भेद विचारला. त्यांच्या वाट्याला तुरीची डाळ आली. दिवस मावळेपर्यंत पंडितांची कंबर धरली, पण भेद कळला असे म्हणतात. त्या छपराला लोक मठ म्हणू लागले; तिथल्या भातात मात्र कधी खडा लागला नाही. त्याला साक्षीदार पुष्कळ आहेत.

याच वाडीत लिंबाजी बुरूड आणि त्याची बायको गजरा यांचा नवा संसार होता. लिंबाजी वेळूची सुपे, टोपल्या, कणग्या विणी. गजरा लहानपणीच आईबापांवाचून उरली होती. लग्नात मुलीकडची म्हणून काय ती एक शेळी हजर होती, आणि तीही मांडवाचे डहाळे खाऊन निघून गेली.

यथाकाळी गजराला दिवस गेले. तिला फोडणीचा वास सोसेना, म्हणून लिंबाजी स्वतः चुलीपुढे बसू लागला. त्याच्या भाकरीचा काठ सुरेख येई, हात बुरडाचा ना! मधे मात्र भोके पडत.

"धनी, ही भाकर हाय का चाळण?" गजरा विचारी.

"खा गुमान. पोराला वारा लागंल."

मग लिंबाजीने हौसेने पाळण्यासाठी वेळू चिरायला घेतला. गजराने कोयती काढून घेतली. "जन्माच्या आधी पाळणा घरात आणत न्हाईत. त्या काड्यांचा कोंबड्यांना डालगा करा." लिंबाजीने डालगा केला. तो इतका देखणा झाला, की कोंबड्या आत जायला संकोचत.

असे सुखात चालले असता सातव्या महिन्यात लिंबाजीची थोरली बहीण, म्हाळसाबाई, ओटी भरायला आली.

म्हाळसाबाई दोन कोसांवर कसबे निंबोऱ्याला राहत असे. तिच्या नवऱ्याकडे जंगलातल्या वेळूचा मक्ता होता. त्यामुळे भोवतालच्या बुरडांत तिचा शब्द खाली पडत नसे. पडायला तो कधी थांबतच नसे. आई वारल्यावर लिंबाजीला तिनेच वाढवले होते. ती डावखुरी होती. खण, नारळ, तांदूळ सगळे तिने डाव्या हाताने भरले आणि पदर सावरून बसली.

"आता कामाचं बोलू. पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्या घराण्यात पहिली खेप सासरी कुणाची झाली न्हाई. गजरे, तुज्या आईची चुलतबहीण घाटाखाली हाय न्हवं? पुढल्या महिन्यात तिकडं जायचं."

"तिला म्या कधी बघितलं बी न्हाई, वन्सं."

"मंग आता बघशील."

"आक्का," लिंबाजी चाचरत म्हणाला, "आठव्यात घाट उतरायचा? बैलगाडीनं? तो घाट उतरताना माज्या टोपल्यांची सुद्धा वीण सुटती."

"मंग माहेराची सोय बगा! माझ्याच्यानं रीत मोडवणार न्हाई. न्हाईतर त्या लेकराला आत्या न्हाई असं समजा. मी बाळाला हात लावणार न्हाई, कानात नाव सांगणार न्हाई." एवढे बोलून म्हाळसाबाई गाडीत बसली. गाडी वळणाआड गेली तरी तिचे बोलणे ऐकू येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजरा मठात गेली. महाराजांनी सूप पुढे केले. ती खाली मान घालून निवडू लागली. थोड्या वेळाने दोन थेंब सुपात पडले.

"तांदूळ भिजवू नकोस, पोरी. भाताचा गिचका होतो," महाराज म्हणाले. "काय पाहिजे तुला? माहेर?"

"व्हय. आन् आत्या बी."

"एकच निवड म्हटलं तर?"

गजराने डोळे पुसले. तिचा आवाज मात्र ठाम होता. "न्हाई निवडणार, महाराज. मला कुणी माणसं मिळाली न्हाईत. पण माझ्या लेकराची म्हणून जी हायेत, त्यातलं एक बी मी कमी हूं देणार न्हाई. वन्सं रागावू द्यात, शिव्या देऊ द्यात. पण त्या पायजेत."

महाराजांनी तिच्या हातातले सूप घेऊन खाली ठेवले. केवढी ही निष्ठा! "एवढ्या वर्षांत इतकं चोख निवडलेलं पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "ऊठ. आजपासून हा मठ तुझं माहेर. माहेराचं मी बघतो, आत्याचं तो बघेल." आणि त्यांनी बोट वर केले.

गजराने वर पाहिले. छपराला हातभर भोक होते.

"त्ये बी शाकारून घ्यावं लागंल," ती म्हणाली आणि कामाला लागली.

लिंबाजीने छप्पर शाकारले. गजराने जमीन सारवली, कोपऱ्यात न्हाणी केली, गोवऱ्या रचल्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. आणि महाराज? महाराज आईचे काम शिकू लागले! डिंक किती तळायचा, बाळंतशेपा कशा भाजायच्या, शेगडीला कोळसा कोणता, हे ते दर्शनाला आलेल्या बायांना विचारीत. पहिले लाडू फुटेनात. लिंबाजीने ते वहाणेखाली ठेवून पाहिले. महाराजांनी दुसरा घाणा केला, तिसरा केला. चौथ्या खेपेला लाडू जमले, तेव्हा महाराजांच्या मुखावर समाधी लागल्यासारखे तेज होते.

ही वार्ता कसब्यात पोचायला वेळ लागला नाही. मंगळवारच्या बाजारात म्हाळसाबाई पोटभर हसली.

"ऐकलं का गं? आमच्या भावजयीला आई मिळाली. दाढीवाली आई! बाळाला अंगाई म्हणंल, आन् बाळ दाढी धरून झोके घील!"

बाजार हसला. म्हाळसाबाई तेवढ्यावर थांबली नाही. पंचक्रोशीत एकच सुईण, कोंडाबाई. ती कसब्यातच राहत असे. म्हाळसाबाईने तिला बजावले, "त्या घाण्यात पाऊल टाकलंस तर माझ्या दारात पुन्यांदा यायचं न्हाई." सुईण नसली म्हणजे गजरा हट्ट सोडील आणि घाटाखाली जाईल, असा तिचा अंदाज होता. गजरा कशाची बनली आहे हे तिला ठाऊक नव्हते.

नववा लागला आणि पुढच्याच मंगळवारी, भर दुपारी, गजराला कळा सुरू झाल्या. सारी वाडी बाजाराला गेलेली. मठात गजरा, लिंबाजी, महाराज आणि दारात शेळी. लिंबाजी अनवाणी कसब्याकडे धावत सुटला.

कोंडाबाई दाराआडून बोलली. "लिंबाजी, माझी जीभ तुटू दे, पण मला म्हाळसाबाईंनी बजावलंया." तसाच तो बहिणीच्या दारी गेला. म्हाळसाबाई झोपाळ्यावर सुपारी कातरत होती.

"आक्का, येळ आली गं! निदान कोंडाबाईला तरी सोड!"

"मी कशाला? दाढीवाल्या आईला सांग," ती म्हणाली. अडकित्ता वाजतच राहिला. लिंबाजीने एकदा तिच्याकडे पाहिले आणि आला तसा धावत परत फिरला.

इकडे मठाच्या दारावर गोणपाट सोडून महाराज बाहेर बसले होते. मांडीवर सूप होते, बोटे तांदळात होती. आतून कण्हणे ऐकू येत होते.

"पोरी," महाराजांनी हाक दिली, "एकटी नाहीस. बोल, कोण हवं तुला? आज तूच निवड."

आता भाविकहो, अशा वेळी माणूस कुणाला बोलावील! वाडीची मरीआई हाकेच्या अंतरावर होती. स्वतःची गेलेली आई होती. पण गजराने दात आवळले, खांबाला बांधलेला दोर दोन्ही हातांनी ओढला आणि ओरडली, "वन्सं! वन्सं, या वो!"

महाराजांनी डोळे मिटले. सुपातला एक दाणा उचलून त्यांनी बाजूला ठेवला.

लिंबाजी धापा टाकीत मठाशी पोचला, तो आतून खणखणीत आवाज आला, "लिंब्या, भाईरच थांब! आन् पाणी आण ऊन!"

आवाज आक्काचा! ती आपल्या आधी कशी पोचली, हा विचार त्याच्या मनात आला नाही. नवऱ्याला अशा वेळी घागर उचलण्यापलीकडे काही सुचत नाही. त्याने पाणी दिले. गोणपाटाच्या कडेने एक हात बाहेर आला आणि घागर घेऊन गेला. हात डावा होता.

घटकाभराने बाळ रडले. काय तो आवाज! शेळी दावे तोडून पळाली. लिंबाजी मटकन खाली बसला आणि आधी हसला, मग रडला. गोणपाट बाजूला करून तो आत गेला, तेव्हा गजरा शांत पडली होती. शेजारी त्यानेच विणलेल्या सुपात, मूठभर तांदळांवर, हिरव्या कापडात गुंडाळलेली मुलगी होती. दुसरे कुणीही नव्हते.

"वन्सं आत्ता तर हितं हुत्या," गजरा म्हणाली. "हात किती मऊ, वो! कमर चोळली, धीर दिला. मला म्हणाल्या, रड की बये, माहेरी रडायला लाजायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई वाडीला आली. काय विपरीत झाले ते बघावे, आणि आपण बोललोच होतो असे म्हणावे, एवढा तिचा बेत होता. तो वेशीतच बायांनी तिला घेरले. "म्हाळसाबाई, धन्य तुमची! असा राग धरला, आन् वक्ताला धावून आलात!" एकीने तिच्या पायांवर पाणी घातले. दुसरीने गूळ दिला. म्हाळसाबाईने गूळ तोंडात टाकला, कारण गुळाला नाही म्हणण्याची तिला सवय नव्हती. पण तो घशाखाली उतरेना.

मठात शिरताच गजराने बाळ तिच्या मांडीवर दिले. "वन्सं, तुमचं तुमी घ्या."

म्हाळसाबाईने बाळाकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. दुपट्याची गाठ डावीकडून उजवीकडे, उलटी दुमडून मारलेली. ही गाठ तिने स्वतः लिंबाजीला तान्हेपणी बांधली होती. डावखुऱ्या हाताशिवाय ती बसतच नाही. आणि कापड? हिरव्या लुगड्याचा पदर, काठाला मोराची वेल. पंधरा वर्षांपूर्वी तिला स्वतःला दिवस गेले होते, तेव्हा ओटी भरताना नेसलेले ते लुगडे. तिचे लेकरू जगले नाही. लुगडे पेटीत गेले, पेटीला कुलूप बसले आणि किल्ली कायमची तिच्या कनवटीला होती. आत्ताही होती.

बाळ लिंबाजीकडे देऊन ती तशीच गाडीत बसली. कुणाशी एक शब्द बोलली नाही. म्हाळसाबाई गप्प! वाडीने तो दिवस पुढे खूण म्हणून वापरला.

घरी पोचून तिने पेटी उघडली. कुलूप शाबूत होते. लुगड्याची घडीही जशीच्या तशी. पण लुगड्याला पदर नव्हता! मग तिला आठवले: काल दुपारी लिंबाजी गेल्यावर झोपाळ्यावरच तिचा डोळा लागला होता. जागी झाली तेव्हा दोन्ही दंड भरून आले होते आणि हातांना शेपांचा वास येत होता. तो वास अजून गेला नव्हता.

ती पेटीपाशी बसली आणि पंधरा वर्षांचे रडली.

तिसऱ्या प्रहरी ती दोन कोस चालत, अनवाणी, मठात आली. अंगणात बाया होत्या, लिंबाजी होता. गप्प राहिली असती तर जन्मभर तिचे नाव निघाले असते. पण ती सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "बायांनो, काल मी आले न्हवते. मी झोपाळ्यावर सुपारी कातरत हुते. भाऊ दारात आला, तर त्याला हसले. ह्यो गूळ माझा न्हाई."

आतून गजराचा आवाज आला, "असं कसं, वन्सं? तुमचाच हात हुता."

म्हाळसाबाईने महाराजांचे पाय धरले. "महाराज, देवाला दुसरं कुणाचं रूप मिळालं न्हाई का? माझंच तोंड घ्यावं लागलं?"

महाराज म्हणाले, "बाई, कुणाचंही मिळालं असतं. पण या पोरीनं तुम्हांला निवडलं होतं, आणि लेकराला आत्या हवी होती. तुम्ही येईनात, म्हणून तो तुमच्या वतीनं येऊन गेला. आता पुढचं तुमचं तुम्ही करा. सव्वा महिन्याचं न्हाऊमाखू घालणं आहे, मला दाढी सांभाळून जमत नाही."

म्हाळसाबाईचे डोके महाराजांच्या चरणांवरून उठेना. पाठ हुंदक्यांनी हलत होती. महाराजांनी हळूच सूप तिच्याकडे सरकवले.

"उठा, म्हाळसाबाई," ते म्हणाले. "बाळंतिणीचा भात आहे. खडा राहता कामा नये."

म्हाळसाबाई उठली, डोळे पुसले, सूप मांडीवर घेतले आणि डाव्या हाताने निवडू लागली.